आधी माती उतरवायची

पहाटे ५.३५

मामांनी शिडी भिंतीला टेकवली, खालच्या पायरीवर दोनदा पाय देऊन बघितला आणि खोरं खांद्यावर टाकून वर गेले. सूर्य अजून उगवायचाय. तुळजापूर तालुक्यातलं गाव. रोहिणी लागून चार दिवस झालेत, मिरग दहा दिवसांवर आलाय. मामांच्या खिशातल्या वहीत दुरुस्तीची अजून सात माळवदं, म्हणजे मातीची छपरं, शिल्लक आहेत.

"ऊन व्हायच्या आत माती खाली गेली पायजे," ते वरून म्हणाले. त्यांच्यामागं पुतण्या चढला. खाली मामी आणि शेजारच्या वहिनी पाट्या लावून बसल्या. मी आपला शिडीच्या शेवटच्या पायरीवर.

घर एका आजीचं. पंच्याहत्तरीच्या. मुलगा पुण्याकडं कंपनीत. त्यानं मागं पत्र्याची एक खोली काढून दिलीय. पण मे महिन्यात त्या पत्र्याखाली दुपारी माणूस थांबत नाही. आजी राहतात पुढच्या माळवदात. बारा बाय पंधराची खोली, दोन हातांच्या भिंती, सागाची तुळई. आत शिरलं की घडा भरून ठेवल्यासारखं गार.

गेल्या पावसाळ्यात ही खोली गळली. २०२५ चा पाऊस इथं कुणी विसरणार नाही. मे महिन्यातच आला, तेव्हा निम्म्या गावाची माळवदं उघडीच होती. मग सप्टेंबरात पुन्हा आला. परंडा, भूमकडं पूर आले, माणसं छतावरून काढावी लागली. आजींच्या घरात पूर नव्हता. फक्त नऊ ठिकाणी गळत होतं. नऊ भांडी मांडून त्या अंथरुणाची घडी घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. कुठलं भांडं कुठं होतं ते त्यांना अजून पाठ आहे. काल संध्याकाळी मामांनी ते सगळं विचारून घेतलं आणि खालून आढ्याला कोळशानं नऊ फुल्या मारल्या.

५.५०

मामा एक सळई घेऊन माळवदाच्या मधोमध बसले. सळई मातीत घालत गेले. खाली तुराट्यांचा थर लागला तसा हात थांबला. बाहेर काढून टेप लावला. तेरा इंच.

"बगा. हे असं होतंय."

होतं असं की दर उन्हाळ्यात माळवदावर पांढरी माती टाकायची पद्धत. जुनी माती वाऱ्यानं, पावसानं झिजते, भेगा पडतात, त्या बुजवायला वरून चार पाट्या. गळलं की आणखी दहा पाट्या. काढत कुणी नाही. काढायला मजुरी लागते आणि काढलेलं दिसत नाही. टाकलेलं दिसतं. आजोबांनी टाकली, त्यांच्या मुलानं टाकली. वीस-तीस वर्षांत वीतभराची हातभर होते.

पुतण्यानं पहिलं खोरं मारलं.

६.३०

बारा बाय पंधराच्या छपरावरची एक इंच माती म्हणजे पंधरा घनफूट. घनफुटाला पंचेचाळीस किलो धरा. पावणेसात क्विंटल झाले. हा हिशेब मी मोबाईलवर केला. मामांनी तो न बघता सांगितला, "इंचाला बारा-तेरा कट्टे." सोयाबीनचा पन्नास किलोचा कट्टा हे इथलं वजनाचं माप आहे. माझं गणित साडेतेरावर येत होतं.

सात इंच काढायची. सहा ठेवायची. वर नवी तीन. म्हणजे तेराची नऊ होणार.

पुतण्या सुटी माती कडेला ओढतो, मामा खोऱ्यानं परसात ढकलतात. धूळ एवढी की दोघांनी तोंडाला टॉवेल गुंडाळलेत. मातीबरोबर काय काय निघतं. हरळीच्या मुळ्यांची जाळी. मुंग्यांचं एक अख्खं वारूळ. उंदराचं बीळ, कोपऱ्यातून निघून थेट पाचव्या फुलीच्या वर संपलेलं. मामांनी त्यात हात कोपरापर्यंत घातला.

"आजे, तुझं तांब्याचं भांडं इथं होतं न्हवं?"

खालून आवाज आला, "तांब्याचं न्हाई, पितळंचं."

८.१०

माती सहा इंचांवर आली. आता काम थांबलंय. चहा. आजींनी गुळाचा केलाय. पुतण्यानं बिस्किटाचा पुडा आणलाय, तो फोडून मधे ठेवला.

पुतण्या चोवीसचा. वर्षातले दहा महिने सोलापुरात सेंट्रिंगच्या कामावर असतो. तिथं सातशे रुपये हजेरी. इथं पाचशे. मे महिन्यात गावाकडं येतो, लग्नंही असतात, चुलत्याला हातही होतो. माळवद शिकायचं का, असं मी विचारलं. तो हसला नाही की चिडला नाही. "अजून किती वर्षं असतील ही घरं?" एवढंच म्हणाला. गल्लीत आठ घरं आहेत. पाच स्लॅबची, एक पत्र्याचं, दोन माळवदाची. त्यातलं एक बंद.

शेजारच्या वहिनींची हजेरी साडेतीनशे. दिवाळीनंतर त्या आणि त्यांचे मालक कोयता घेऊन उसाला जातात, पाडव्याच्या सुमारास परततात. मग मिरगापर्यंत मिळेल ते. मामींनाही साडेतीनशे, वहीत लिहून. मामा सांगतात, घरची असली तरी पाटी तेवढीच जड असते.

८.३५

आता धुराडं. माझ्या मते आजचं खरं काम हेच.

जुन्या माळवदाला मधोमध एक भोक असतं. कुणी त्याला सानं म्हणतं, कुणी सवणं. त्यातून उजेड खाली येतो आणि चुलीचा धूर वर जातो. आजींच्या सवण्याभोवती दगडाचा वीतभर उंच काठ आहे. पाऊस आला की वर शहाबादीचा तुकडा सरकवायचा. एवढ्या वर्षांत तिथून थेंब आत आला नाही. नऊपैकी एकही फुली सवण्याजवळ नाही.

सहा वर्षांपूर्वी मुलानं चुलीवर सिमेंटच्या पाइपाचं धुराडं बसवलं. आईच्या डोळ्यांत धूर जाऊ नये म्हणून. चांगल्या मनानं केलेलं काम. पण गवंड्यानं माळवदाला भोक पाडलं, पाइप घातला आणि भोवती सिमेंटचा गोल थापला. माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. सिमेंट जागचं हलत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात दोघांमधे बोट जाईल एवढी फट पडली. नऊपैकी चार फुल्या त्या पाइपाभोवती आहेत.

मामांनी छिन्नी-हातोडीनं सिमेंटचा गोल फोडला. खालचं लाकडी काड्यांचं किलचाण काळं पडलेलं, बोटानं दाबलं की भुसा. तीन काड्या बदलल्या. मग तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा घेतला. किराणा दुकानातून चाळीस रुपयांना आणलेला. कात्रीनं उभा चिरला, सपाट केला, मधे पाइपाच्या मापाचं भोक पाडलं. भोक मापापेक्षा थोडं लहान ठेवून कडेला बोटभर अंतरावर चिरा दिल्या आणि त्या पाकळ्या वर वाकवल्या. पत्रा पाइपावरून खाली सरकवला. पाकळ्या पाइपाला बिलगल्या, वर तारेचे दोन वेढे. झगा नेसवल्यासारखा पत्रा चहूबाजूंनी पसरला, उताराच्या बाजूला जास्त. आता पाइपावरून ओघळलेलं पाणी पत्र्यावर येणार, पत्र्यावरून हातभर लांब जाणार. माती फुगो, आकसो. सांधा पत्र्याच्या पोटात.

वर पत्र्याचीच टोपी, तीन पायांची. धूर बाजूनं निघेल, थेंब आत पडणार नाही.

एवढ्याला एक तास वीस मिनिटं गेली. पुतण्या पूर्ण वेळ पत्रा धरून बसला होता. बघतही होता.

"गॅस आलाय की आजीकडं," मी म्हणालो. "मग चूल?"

"चूल पायजेच," मामा म्हणाले. "धूर लागला तर लाकूड टिकतं." खाली जाऊन त्यांनी मला तुळई दाखवली. काजळीनं काळीभोर, चकाकती. नख लागत नाही. गावात ज्या घरांतून चूल गेली तिथं पाच-सात वर्षांत वाळवी दिसायला लागली, असं त्यांचं म्हणणं. आजी आंघोळीचं पाणी रोज चुलीवरच तापवतात. त्यांना वाळवीची काळजी नाही, सिलिंडरच्या पैशांची आहे. तुळईला दोन्ही सारखंच.

१०.०५

पांढऱ्या मातीची ट्रॉली काल दुपारीच परसात रिकामी झालीय. पंधराशे रुपये, ट्रॅक्टर आणि भरणावळ धरून. त्यातली निम्मी आळं करून रात्रभर भिजत घातली होती.

काळ्या मातीचं इथं काम नाही. ती शेतात सोनं. छपरावर टाकली तर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. पांढरी लागते. जुन्या गावठाणाची, पडक्या गढीची, शेकडो वर्षं माणसं राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या त्या जागेची. राखाडी, मऊ, किंचित खारट. खारट मातीत गवत लवकर धरत नाही, आणि ओली झाली की तिचे बारीक कण वाटा बुजवून टाकतात.

मामांची परीक्षा साधी. मूठभर माती मळून वाटी केली, तिच्यात पाणी ओतलं आणि सावलीत ठेवली. पाणी अर्धा तास जसंच्या तसं राहिलं.

मामी माती चाळतात. चाळणीवर खापरं उरतात, कोळशाचे खडे, एक हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा. त्यांनी तो पदरानं पुसून उन्हात धरला आणि भिंतीच्या खोबणीत ठेवला. तेर इथून फार लांब नाही. जुन्या काळचं तगर ते. तिथल्या पांढरीतून निघालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या, त्यांच्या नावाचं संग्रहालय आज तिथं उभं आहे. या तुकड्याला कुणी संग्रहालयात नेणार नाही. पण आजींच्या डोक्यावर येणारी माती कधीतरी कुणाच्या घराची भिंत होती, हे मला सारखं आठवत राहिलं.

१०.४०

आधी सहा इंचांवर पाणी शिंपून चोपणं. मग मेणकापड. जाड, काळं, साडेआठशे रुपये. कडेला वीतभर वर वळवलं, कठड्याच्या आत दाबलं. धुराड्याच्या पत्र्याखालून घातलं. सवण्याच्या काठाला गुंडाळून दगडाखाली धरलं.

त्यावर माती. आता पाट्या सुरू झाल्या. वहिनी भरतात, मामी शिडीच्या मधल्या पायरीवर, पुतण्या वरून ओढून घेतो. पाटी चौदा-पंधरा किलोची. मामींचा डावा हात शिडीला, उजवा पाटीखाली. पाटी डोक्याच्या उंचीवर जाते, एक क्षण थांबते, वरून हात येतो, वजन सुटतं. रिकामी पाटी खाली पडते. धप्. पुन्हा.

दहा पाट्या झाल्या की वहिनी भिंतीवर एक रेघ ओढतात.

१२.१५

नऊ रेघा. पाय ठेवायला जागा उरली नाही एवढं छप्पर तापलंय. मामा उतरले. आता साडेतीनपर्यंत काम बंद.

माळवदाखाली जेवणं. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, आजींचं ताक. सवण्यातून उन्हाचा एक खांब खाली उतरलाय, त्यात धूळ फिरतेय.

जेवण झाल्यावर मामा भिंतीला टेकले. मी विचारलं, माती आधी काढायचीच, ही सवय कुठली? त्यांच्या वडिलांनीही टाकतच आयुष्य काढलं होतं.

"सास्तूरची," ते म्हणाले.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती. लातूरचं किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातलं सास्तूर, आसपासची गावंच्या गावं. भूकंप ६.२ चा. दगड-मातीच्या भिंती फुटल्या, त्यांच्यावर टेकलेली माळवदं खाली आली. काही घरांवर दोन-अडीच फूट माती होती. सुमारे दहा हजार माणसं गेली. मामा तेव्हा पंचविशीत. तिसऱ्या दिवशी गावातल्या पोरांबरोबर ट्रकमधून ढिगारे उपसायला गेले. खोरी घेऊन.

"माती वल्ली होती. वरून पाऊस. खोऱ्याला उचलंना." थोडा वेळ ते बोलले नाहीत. "पाणी येऊ नये म्हणून टाकलेली माती ती."

नंतरच्या दुरुस्तीच्या कामांत इंजिनिअर लोक सांगायचे, माती कमी करा, खाली प्लास्टिक घाला, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपे आधार द्या. मामा अशा एका कामावर दोन वर्षं होते. तिथं शिकलेलं ते अजून करतात. माती काढायची नसेल तर काम घेत नाहीत. त्यामुळं यंदा दोन कामं गेली. त्या दोघांनी दुसऱ्याकडून वरच्यावर टाकून घेतली, निम्म्या पैशांत.

आजी ऐकत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. उठून तांब्या भरून आणला.

दुपारी ३.३५

ऊन अजून तसंच. पुतण्यानं डोक्याला टॉवेल ओला करून बांधला. उरलेल्या पाट्या. साडेचारला रेघा चौदा झाल्या, वर पाच पाट्या सुट्या.

आता उतार. मामांनी पारदर्शक नळीत पाणी भरलं. एक टोक पुतण्याकडं, एक स्वतःकडं. दोन्हीकडं पाणी एका पातळीत येतं, तिथून खाली मोजायचं. फुटाला पाव इंच, पंधरा फुटांना पावणेचार. मागच्या भिंतीकडं माती जाड, पुढं पन्हाळीकडं पातळ. कमी उतार दिला तर पाणी तुंबतं. जास्त दिला तर पळतं आणि पळताना माती घेऊन जातं.

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पावसाळ्यात डोक्यावरून नदी कोसळते आणि आतल्या दालनात माणूस कोरडा उभा राहतो. मामांनी तो पाहिलाय, शाळेच्या सहलीत. मी विषय काढला तर म्हणाले, "त्येनी पाण्याला अडवलं न्हाई, वाट दिली." आणि नळीकडं बघत राहिले.

४.५०

पन्हाळी. जुन्या दोन गंजून चाळण झालेल्या. एकीत चिमणीचं घरटं, रिकामं, लिंबाच्या काड्या आणि आजींच्या लुगड्याचा धागा. पाणी तिथंच अडून भिंतीत मुरत होतं. उरलेल्या चार फुल्यांपैकी दोन त्या भिंतीलगत.

नव्या पत्र्याच्या, तीन फुटी, एकशे सत्तर रुपयांना एक, तुळजापूरहून वाकवून आणलेल्या. एक फूट मातीत, दोन फूट बाहेर. बाहेर एवढी का, तर धार भिंतीपासून लांब पडावी. भिंत दगडाची असली तरी दगड मातीतच बसवलेत. पायथ्याशी रोज धार पडली तर सांध्यांतली माती धुपते, मग दगड मोकळा होतो. धार पडेल तिथं पुतण्यानं शहाबादीचे दोन तुकडे पुरले.

तोंडाला मामांनी जाळीचा चौकोन वाकवून बसवला. पाला अडेल. "आठवड्याला हात फिरीव," आजींना सांगितलं. आजी वर कशा चढणार, हे त्यांच्या लक्षात आलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मी फिरविते. उसाला जाईस्तोवर हाय की मी."

५.२०

चोपणं. दोघं उकिडवे बसून मागं मागं सरकत, लाकडी चोपण्यानं थाप थाप. पाण्याचा शिंतोडा, थाप. हा आवाज पूर्वी मे महिन्यात सगळ्या गावात ऐकू यायचा. आज तो एकाच छपरावरून येतोय, आणि समोरच्या स्लॅबवर पतंग उडवणारी दोन पोरं हातातला दोरा विसरून बघत बसलीत.

वरून शेणकाला, गव्हाचा भुसा घालून. शेण शेजारचं, त्याचे पैसे नाहीत. पाण्याचे आहेत. नळ आठवड्यानं येतो. दोन बॅरल विकत, एकशे वीस रुपये.

६.२५

हिशेब. ओसरीवर वही उघडली. मामा आठशे, पुतण्या पाचशे, दोघी साडेतीनशे-साडेतीनशे. दोन हजार. माती पंधराशे. मेणकापड साडेआठशे. पन्हाळी तीनशे चाळीस. डबा चाळीस. पाणी एकशे वीस. चार हजार आठशे पन्नास. काम उक्तं बावनशेला ठरलेलं. वरचे साडेतीनशे शिडीचे, पत्र्याच्या कात्रीचे, गाडीच्या पेट्रोलचे.

दोन हजार आजींनी आधी दिले होते. आता सत्तावीसशे दिले, नोटा दोनदा मोजून. पाचशे पंचमीला. मामांनी लिहून घेतलं. मुलाचा फोन आला, आई, स्लॅबच टाकू की दिवाळीत. आजी म्हणाल्या, दिवाळीत बघू.

छपरावरून आज निव्वळ चार इंच उतरले. चोपन्न कट्टे. परसात त्याचा ढीग पडलाय, उद्या कुणीतरी अंगणात भर घालायला नेईल.

६.५०

"एक घागर दे," मामा म्हणाले.

"कशाला रं? विकतचं पाणी हाय."

"दे तर."

शेणकाल्यावर पापुद्रा धरलाय. मामा मागच्या कोपऱ्यात बसले, तांब्यानं हळूहळू सोडायला लागले. पहिला तांब्या मातीनं पिऊन टाकला. दुसराही. तिसऱ्याला पाण्याची एक जीभ सरकली. धुराड्याच्या झग्याला वळसा घालून, सवण्याच्या काठाला शिवून, पन्हाळीकडं. कुठं थांबली नाही. पुतण्या पोटावर पालथा पडून तिच्याबरोबर डोळा नेत होता.

आजी खाली आत उभ्या होत्या. मान वर, नजर नऊ फुल्यांवर.

पन्हाळीतून धार सुटली. बारीक, मग मनगटाएवढी, मग पुन्हा बारीक. शहाबादीवर पडायच्या आत वहिनींनी खाली बादली धरली. पाऊण बादली झाली, गढूळ, शेणकट.

आजी बाहेर आल्या. बादलीत वाकून बघितलं. मग ती दोन्ही हातांनी उचलून परसातल्या शेवग्याकडं घेऊन गेल्या.